पट्टा उलटतो तो आपल्याच पोटरीवर

गणपतीला पंधरा-वीस दिवस उरले, की माहुल परिसरात संध्याकाळी ढोल-ताशाच्या सरावाबरोबर हवा कापत जाणाऱ्या काठीचा सूंऽसूं आवाज ऐकू येऊ लागतो. कोळीवाड्यातली पोरे आणि तानसा जलवाहिनीच्या कडेवरून 2017 नंतर इथल्या इमारतींत राहायला आणलेल्या कुटुंबांची पोरे एकाच पथकात मर्दानी खेळ शिकतात. अलीकडे मुलीही असतात, आणि त्या मुलांपेक्षा मन लावून शिकतात, असे माझे निरीक्षण आहे. हे सारे पाहून आनंद होतो. पण याच दिवसांत दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीत काम वाढते, तेही सांगितले पाहिजे.

वाचकहो, या जखमा समोरच्याने केलेल्या नसतात. बहुतेक वेळा शिकणाऱ्याने स्वतःच्याच हत्याराने स्वतःला करून घेतलेल्या असतात. काठीचा मार बसतो भुवईवर, कानाच्या पाळीवर, घोट्याच्या हाडावर नाही तर करंगळीवर. विट्याची, म्हणजे दोरी बांधलेल्या भाल्याची, दोरी तळहात सोलून काढते. तलवारीची जखम नवशिक्याला वार करताना होत नाही, ती होते तलवार उपसताना किंवा म्यान करताना. डाव्या हाताने म्यानाचे तोंड घट्ट आवळून धरलेले असते. म्यान जुने, शिवण उसवलेली. पाते त्या फटीतून बाहेर येते आणि अंगठा व तर्जनीमधली जागा कापत जाते.

दांडपट्ट्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याची मूठ म्हणजे मनगटाच्या वरपर्यंत हात झाकणारी लोखंडी खोळ, आत आडवा दांडा धरायचा. त्यामुळे मनगट जखडले जाते. तलवार चुकली तर मनगट वळवून सावरता येते, इथे ती सोय नाही; सगळे काम कोपर आणि खांद्याचे. पाते लांब आणि लवचिक. खांदा ताजा आहे तोवर ते अंगाभोवती सुरेख फिरते. खांदा दमला, की फेरा आखूड होतो, पाते खाली येते आणि लागते आपल्याच पोटरीला किंवा गुडघ्याला. दुसऱ्या हातात ढाल असेल तर तोही हात तोवर दमून खाली आलेला असतो. अशा जखमा मी पाहतो त्या सरावाच्या पहिल्या दहा मिनिटांतल्या क्वचितच. तासाभरानंतरच्या, उजेड कमी झाल्यावरच्या, "एकदा शेवटचं करून दाखव" म्हटल्यावरच्याच फार.

दोष हत्याराचा नाही, घाईचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या तालमीत वस्तादाच्या परवानगीशिवाय कोणी पोलादाला हात लावत नसे. आधी जोर-बैठका, मग पवित्रे, मग काठी. पाय नीट पडू लागल्यावर लाकडी हत्यार, आणि धारेचे सर्वांत शेवटी. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत महात्मा फुले यांच्यासारखी माणसे घडली, ती काही पंधरा दिवसांच्या शिबिरात नव्हे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्राध्यापक माणिकराव तर शस्त्रविद्येबरोबर हाडवैद्यकीसाठीही नावाजलेले होते. हत्यार शिकवणाऱ्यालाच मोडलेले हाड कळत होते! अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यामागेही अनेक वर्षांची मेहनत होती.

2024 मध्ये राज्य शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. चांगलेच झाले. पण मान वाढला तसे शिकणारे वाढले, त्या प्रमाणात वस्ताद वाढले नाहीत. मोबाईलवर चित्रफीत पाहून दोन इमारतींच्या मधल्या बोळात, लावलेल्या दुचाकींमध्ये, ओल्या काँक्रीटवर पोरे पट्टा फिरवतात. चित्रफितीतला वस्ताद कोल्हापूरच्या मोकळ्या मैदानात असतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

कोणी म्हणेल, मग बंदच करा. मला ते पटत नाही. ज्या वस्तीत पोरांना खेळायला मैदान नाही, तिथे अंगाला घाम आणणारी, शिस्त लावणारी गोष्ट बंद करून काय मिळणार? बंदी घातली तर हेच खेळ गच्चीवर, अंधारात चालतील. पहिले वर्षभर फक्त काठी आणि लाकडी हत्यार, आणि मिरवणुकीतही बोथट पातेच, एवढे मंडळांनी ठरवले तरी माझे निम्मे काम कमी होईल. मिरवणुकीत तोंडातून रॉकेलचा फवारा उडवून जाळ काढण्याचा जो प्रकार चालतो, तो मात्र बंदच व्हावा. त्याचा शस्त्रविद्येशी काही संबंध नाही. रॉकेलचा एखादा घोट चुकून श्वासनलिकेत गेला, की फुप्फुसाला सूज येते आणि धडधाकट पोरगा ऑक्सिजनवर जातो. असे झाले तर त्याला मुळीच उलटी करवू नये, थेट रुग्णालयात न्यावे.

जखमेपेक्षा मला भीती वाटते ती लपवाछपवीची. पोरगा हाताला फडके गुंडाळून येतो आणि सांगतो, "काका, पत्रा लागला." घरी कळले तर सराव बंद, पथकात कळले तर मिरवणुकीतून नाव कट, आणि पोलिसांचे लफडे नको, अशी तिहेरी भीती. रुग्णालयात अशा जखमेची नोंद होते हे खरे, पण नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. आम्हांला खरे कळणे गरजेचे असते, कारण पत्र्याचा ओरखडा आणि तलवारीचा काप वरून सारखे दिसले तरी आत सारखे नसतात. बोटाच्या तळव्याकडच्या बाजूला अर्ध्या इंचाचा स्वच्छ काप असतो, रक्तही थांबलेले असते, आणि आत बोट वाकवणारी दोरी, म्हणजे स्नायुबंध, पुरता तुटलेला असतो. वरची कातडी शिवून टाकली तर जखम छान भरते आणि बोट कायमचे सरळ राहते. जाळी विणणाऱ्या किंवा पाना धरणाऱ्या हाताचे असे एक बोट गेले, की काम निम्म्यावर आले.

म्हणून घरच्यांनी दोन गोष्टी लगेच पाहाव्यात. बोटाचे प्रत्येक पेर वेगवेगळे वाकते का? आणि टोकाला स्पर्श कळतो का? एकाचेही उत्तर "नाही" असेल तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात टाके घालून घेऊ नयेत, माझ्याही नाही. त्याच दिवशी शीव रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी जावे.

रक्त थांबवायला स्वच्छ कपड्याने घट्ट दाबावे, हात उंच धरावा आणि दहा मिनिटे घड्याळ लावून दाब सोडू नये. दर अर्ध्या मिनिटाला "थांबलं का?" म्हणून उघडून पाहणाऱ्या नातेवाइकांमुळे रक्त थांबत नाही. हळद, कॉफी, मशेरी, राख यांतले काहीही जखमेत भरू नये. ते काढताना पेशंटला जखमेपेक्षा जास्त दुखते. रुतलेले टोक उपसू नये. बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते स्वच्छ ओलसर फडक्यात गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात टाकू नये. डोळ्याला काठी लागली तर चोळणे नाही, दाबणे नाही, घरातले जुने थेंब तर नाहीच.

धनुर्वाताबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. पाते चकचकीत होते, गंज नव्हता, म्हणून इंजेक्शन नको, असे म्हणतात. धनुर्वाताचे जंतू गंजात नव्हे, माती-शेणात असतात, आणि सराव तर जमिनीवरच चालतो. मुलाला दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचे धनुर्वात-घटसर्पाचे डोस मिळाले आहेत का, ते कार्डावर पाहावे. मळलेल्या जखमेला शेवटचा डोस घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा एक घ्यावा लागतो. लहानपणचे डोसच झाले नसतील तर नुसती लस पुरत नाही, सोबत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. ही गोष्ट डॉक्टरला आपणहून सांगावी. घर हलवताना कार्ड हरवलेली कुटुंबे इथे बरीच आहेत. त्यांनी लाजू नये, सरळ "माहीत नाही" म्हणावे.

पथकाच्या प्रमुखाने सरावाच्या जागी निर्जंतुक गॉज, रुंद बँडेज, हातमोजे आणि एक चांगला टॉर्च असलेला डबा ठेवावा. विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात, 108 ची रुग्णवाहिकाही गर्दीत अडकते. तेव्हा माहुलहून चेंबूरमार्गे शीवला कोणत्या रस्त्याने निघायचे आणि गाडी कोणाची, हे आदल्या दिवशीच ठरवून घ्यावे. गाडी चालवणारा त्या दिवशी पथकात नसावा.