फाडलेल्या पानाची साक्ष

वाचकहो, "अन्याय झाला म्हणता, तर लेखी पुरावा कोठे आहे?" हा सवाल आपणांस पदोपदी ऐकावा लागतो. विचारणारा आव आणतो निःपक्षपाती संशोधकाचा! पण दप्तर ज्याच्या हाती, त्याने स्वतःचा गुन्हा त्यात नोंदविला नाही म्हणून गुन्हाच घडला नाही, हे कोणते संशोधन? इतिहास कसा शोधावा हे ज्यास खरोखरच शिकावयाचे असेल, त्याने अमेरिकेतील वर्णद्वेषी हत्यांचा अभ्यास करावा.

१८९२ च्या मार्चमध्ये मेम्फिस शहरात तीन कृष्णवर्णीयांना गोऱ्या जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन ठार केले. संपादिका आयडा वेल्स यांनी त्याविरुद्ध लेखणी उचलली, तेव्हा त्यांच्या वृत्तपत्राची कचेरीच उद्ध्वस्त करण्यात आली. गोऱ्या स्त्रियांच्या अब्रूसाठी जमाव खवळतो, असे समर्थन त्या काळी सर्रास होई. १८९५ च्या 'द रेड रेकॉर्ड' या पुस्तिकेत वेल्सबाईंनी आकडे घेतले ते 'शिकागो ट्रिब्यून' या गोऱ्यांच्याच पत्रातून, आणि बहुसंख्य बळींवर तसा आरोपदेखील नव्हता हे त्याच आकड्यांनी सिद्ध केले. अतिशयोक्तीचा ठपका ठेवावयाचा तरी कोणावर?

जेथे कागदच नाहीसा केला जातो, तेथे काय करावे? ३१ मे व १ जून १९२१ रोजी टुल्सा शहरातील ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली वस्ती जाळण्यात आली. सरकारी हिशेबी मृत ३६. पुढील अंदाज ३०० पर्यंत जातात. ग्रँड ज्यूरीने दोष दिला तो कृष्णवर्णीयांनाच. या कत्तलीस 'दंगल' हे नाव पडले आणि दंगलीचे नुकसान वगळणाऱ्या कलमाच्या आधारे विमा कंपन्यांनी हात झटकले. नाव कोणी ठेवले आणि त्यात लाभ कोणाचा, हेही संशोधकाने विचारलेच पाहिजे. 'टुल्सा ट्रिब्यून'च्या ३१ मेच्या ज्या अंकावरून सूक्ष्मपट तयार झाला, त्याच्या पहिल्या पानावरील जमावास चिथावणारी बातमी आधीच फाडून काढलेली होती. ती फाटलेली जागा हाही एक पुरावाच नव्हे काय?

१९४६ साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले, त्या ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्येच विद्यापीठांतील इतिहासकारांच्या तथाकथित तटस्थपणाचे वाभाडे काढले होते.

२०२० पासून टुल्साच्या दफनभूमीत उत्खनन सुरू झाले. २०२४ साली तेथील अस्थींवरून पहिल्या महायुद्धातील एका सैनिकाची ओळख पटली. तो टुल्सात मारला गेला असे सांगणारे, त्याच्या आईच्या वतीने १९३६ साली वकिलाने लिहिलेले पत्र सरकारच्याच दप्तरात सापडले. पुरावा मागणाऱ्यांपैकी किती जणांनी ते दप्तर उघडून पाहिले होते?