पेटी उघडायची असेल तर आवरायला वेळ द्या

जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित साहित्याची पेटी आली की ती आधी डेडस्टॉक रजिस्टरला चढते. मणीमाळा किती, दशकाचे दांडे किती, सुटे ठोकळे किती, खेळातल्या नोटा किती, सगळं लिहून खाली सही होते. बदली झाली की चार्ज देताना तेच रजिस्टर उघडतं आणि नग कमी भरले तर जाब शिक्षकाला द्यावा लागतो. म्हणून मी पाहिलेल्या कितीतरी शाळांत पेटी कपाटात कुलपाआड असते आणि तपासणीच्या दिवशी टेबलावर येते. यात शिक्षकाचा आळस शोधू नये. तीस मुलांच्या हातात सुटे ठोकळे आहेत आणि तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली, तर पुढे काय होतं ते प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. ठोकळे दप्तरात जातात, खिशात जातात, सतरंजीखाली सरकतात. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा पेटी उघडायचा धीर होत नाही.

मी दुसरीला शिकवते. माझं म्हणणं साधं आहे. साहित्य मुलांच्या हातात यायला हवं असेल, तर गणिताच्या तासातली शेवटची आठ मिनिटं आवरण्यासाठी आणि बाहेर पडण्यासाठी राखून ठेवा, ती वेळापत्रकात लिहा आणि शिकवण्याच्या वेळात धरा. त्या आठ मिनिटांतही गणितच चाललेलं असतं.

आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी एका खोलीत माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. गणिताचा तास चाळीस मिनिटांचा, मधल्या सुट्टीच्या अगदी आधी. बत्तीस मिनिटं झाली की मी फळ्याच्या कोपऱ्यात एक संख्या लिहिते, समजा ४३. मुलं ओळखतात. त्रेचाळीस, बेचाळीस, एक्केचाळीस असं सगळा वर्ग उलटं मोजत येतो आणि वीस कमी झाले की, म्हणजे तेवीसला, थांबतो. तोवर हातातलं काम खाली ठेवलेलं असतं आणि तोंडं फळ्याकडे वळलेली असतात. ‘आवरा रे’ म्हणून घसा कोरडा करावा लागत नाही. चाळीसवरून एकोणचाळीसला आणि तीसवरून एकोणतीसला उतरताना कोणाचा आवाज दबतो, हे मला तिथेच कळतं. दशक ओलांडणं कोणाला जड जातंय, हे ओळखायला वेगळी चाचणी लागत नाही.

मग डबे. चार मुलांच्या गटाला आइस्क्रीमच्या काड्यांचा एक डबा आहे. झाकणावर लिहिलंय : ‘५ दशक, १० सुट्या’. हातच्याच्या बेरजा करताना गठ्ठे सुटलेले असतात, नवे बांधलेले असतात. आवरताना डब्यातला ऐवज झाकणाशी जुळवायचा असतो. एखाद्या गटाकडे सहा गठ्ठे उरतात आणि सुटी काडी एकही नसते. काड्या साठच आहेत, पण झाकण जुळत नाही. मग एका गठ्ठ्याचं रबर काढावं लागतं. हातच्याच्या वजाबाकीत एक दशक सुटा करायची पायरी मुलांना वहीत फार अवघड जाते. इथे ती गरजेपोटी घडते.

काड्या कमी भरल्या, तर शिकणं आणखी वाढतं. ‘बाई, अठ्ठावन्नच आहेत.’ ‘मग किती शोधायच्या?’ कोणी अठ्ठावन्नच्या पुढे बोटं मोजतं, कोणी न मोजताच दोन म्हणतं. वजाबाकी म्हणजे काढून घेणं, एवढंच लहान मुलांच्या मनात पक्कं असतं. दोन संख्यांतला फरक काढणं हीसुद्धा वजाबाकीच, हे शाब्दिक उदाहरणांतून उतरायला वेळ लागतो. ‘किती जास्त’ हे शब्द दिसले की अनेक मुलं दोन्ही संख्या मिळवून मोकळी होतात. सतरंजीखालच्या दोन काड्या शोधणाऱ्या मुलाला मात्र आपण काय काढतोय याबद्दल शंका नसते. गावातला किराणा दुकानदार गल्ला जुळल्याशिवाय दुकान बंद करत नाही. मुलांनी ते पाहिलेलं आहे, त्यामुळे मोजून ठेवणं त्यांना शिक्षा वाटत नाही.

पहिलीच्या मुलांसाठी सोय वेगळी. अंड्यांचा तीस खळग्यांचा ट्रे कापला की दहा-दहा खळग्यांचे तीन तुकडे होतात. एका खळग्यात एक चिंचोका. दोन्ही ओळी भरल्या म्हणजे दहा. एक खळगा रिकामा दिसला की मूल एकापासून मोजत बसत नाही, बघताक्षणी नऊ म्हणतं. दहाच्या जोड्या अशा डोळ्यांत बसल्या की पुढची बेरीज हलकी होते.

शेवटची तीन मिनिटं दाराशी जातात. बाहेर पडताना प्रत्येक मुलाला एक प्रश्न. प्रश्न त्याच तासातला, तोंडी उत्तराचा, दहा सेकंदांत संपणारा. सत्तावीस आणि पस्तीसची बेरीज वहीत मांडताना काही मुलं सात आणि पाचचे बारा तसेच खाली उतरवतात, डावीकडे पाच लिहितात आणि उत्तर ५१२ येतं. त्या दिवशी दाराशी मी एवढंच विचारते, ‘सत्तावीस आणि पस्तीस मिळून शंभराच्या आत की बाहेर?’ पुढच्या प्रत्येकासाठी संख्या बदलते, म्हणजे आधीच्याचं ऐकून सांगता येत नाही. ‘आत’ म्हणणाऱ्या मुलाला आकारमानाचा अंदाज आहे, त्याची चूक मांडणीची आहे. ‘बाहेर’ म्हणणाऱ्याला पुन्हा काड्या द्याव्या लागतील. वहीत दोघांचं उत्तर एकच चुकलेलं दिसतं, पण दोघांना द्यायची मदत वेगळी आहे. उत्तर चुकलं म्हणून मी कोणाला थांबवत नाही, खिचडीच्या वेळी तर नाहीच. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नावापुढे खूण करते आणि दुसऱ्या दिवशीचा तास त्या खुणांवरून सुरू होतो. पट मोठा असलेल्या शाळेत रोज दहा जणांना विचारलं तरी आठवड्याभरात बहुतेक वर्ग होतो.

आता झाडूबद्दल. आवरणं म्हटलं की झाडू मुलीच्या हातात जातो आणि सतरंजी उचलायला मुलगा धावतो, हे आपल्या घरांतून वर्गात येतं. काही ठिकाणी झाडू कोणाच्या हातात जातो हे आडनावावरून ठरत आलं आहे, हेही आपण जाणतो. म्हणून कामं शिक्षकाने ठरवून फिरती ठेवायला हवीत. माझ्या वर्गात डबे मोजणं, फळा पुसणं, पेन्सिलीची सालं झाडणं आणि सतरंजी घडी करणं ही चार कामं दर सोमवारी गटागटांत बदलतात आणि ती यादी भिंतीवर लावलेली असते. आपण केलेला पसारा आपण आवरायचा, एवढीच मुलांची जबाबदारी. शाळेचं आवार आणि स्वच्छतागृहं साफ करणं हे मुलांचं काम नव्हे. त्यासाठी शाळांना माणूस आणि पैसा मिळालाच पाहिजे. पालकांना हा फरक सांगितला की त्यांची तक्रार राहत नाही.

यात नवं काही नाही. मॉन्टेसोरी पद्धतीत एका प्रकारचं साधन वर्गात एकच असतं. ते घेणं, वापरणं आणि फळीवर जागच्या जागी ठेवणं मिळून एक काम पूर्ण होतं, कारण दुसरं मूल त्याची वाट पाहत असतं. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला हे काम केलं, मग बोर्डीत आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी महागड्या साधनांच्या जागी परिसरातल्या वस्तू आणल्या. आपल्याकडे २०१५च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाच्या काळात साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले आणि गावोगावच्या फरशा गणिताने रंगल्या. खडे, झाकणं, काड्या वर्गात आल्या. त्या परत ठेवण्याच्या रीतीवर मात्र तेवढं बोलणं झालं नाही.

यावर नेहमी येणारा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात आठ मिनिटं कुठून आणायची? हिशेब करू. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवं. रोज आठ मिनिटं म्हणजे वर्षाला १,६०० मिनिटं, सुमारे २७ तास. एकूण वेळेचा हा तिसावा भाग. एवढ्याच्या बदल्यात रोज उलटी मोजणी, दशक-एककाची मांडणी, फरकाची वजाबाकी आणि मुलामुलाची ख्यालीखुशाली मिळते. शिवाय साहित्य दुसऱ्या दिवशी पूर्ण हाती लागतं, शोधाशोधीत तास जात नाही. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता-लिहिता आणि मूलभूत गणित यावं, यासाठी निपुण भारत अभियानाने २०२६-२७ ही मुदत ठरवली आहे. कपाटातल्या पेटीवर ते साधणार नाही.

म्हणून तीन मागण्या. एक, काड्या, चिंचोके, लहान ठोकळे, खेळातल्या नोटा असं हमखास हरवणारं साहित्य डेडस्टॉकमधून काढून खडूसारखं खर्ची पडणारं धरा. वर्षाला चार ठोकळे हरवले तर त्याचा अर्थ ते वापरले गेले असा घ्यायला हवा. दोन, केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक सत्र आवरण्याच्या रीतीला द्या. ज्या शिक्षकांनी आपापल्या वर्गात ती बसवली आहे, त्यांनी इतरांना करून दाखवावी. तीन, वर्ग पाहायला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी घंटा होईपर्यंत थांबावं. भरलेला डबा एखाद्या मुलापुढे ठेवून विचारावं, ‘यात किती आहेत, आणि तुला कसं कळलं?’ त्या उत्तरावरून वर्गातल्या गणिताची पारख कोणत्याही नोंदवहीपेक्षा चांगली होईल.