फायनल उडालाय, फेकून द्या!

बंद पडलेल्या वस्तूचं निदान करायची आपल्याकडे एक फार सोपी पद्धत आहे. वस्तूकडे लांबून बघायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, "गेली ही, नवीन घ्या." रस्त्यावरच्या दुकानात हे चालतं तर चालू दे. पण आपण चार वर्षं इंजिनिअरिंग शिकतो आणि आपल्याही लॅबमध्ये हेच चालतं, ह्याचं मला वाईट वाटतं. कोपऱ्यातल्या कपाटावर 'नॉन-वर्किंग' असं स्टिकर लावलेल्या वस्तूंचा ढीग बघा. त्यातल्या किती वस्तूंना नक्की काय झालंय, हे कुणी मल्टिमीटर लावून बघितलंय? बहुतेक कुणीच नाही. आता तो ढीग राइट ऑफ होऊन भंगारात जाणार, अशी चर्चा आहे. म्हणूनच हा लेख.

एक उदाहरण देतो. पोफळीला आमच्या एका नातेवाइकांच्या माळ्यावर एक जुना सीबी रेडिओ होता. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, 27 मेगाहर्ट्झच्या आसपासचा. 1973 च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेतले ट्रकवाले ज्याच्यावर रात्रंदिवस गप्पा मारायचे, तोच हा प्रकार. बोटीवर नोकरी केलेल्या कुणीतरी तो परदेशातून आणलेला. सेट ऐकत होता, पण बोलत नव्हता. म्हणजे खरखर यायची, चॅनेल बदलायचे, पण माइकचं बटण दाबलं की पलीकडे काहीच नाही. एका दुकानदाराने दोन मिनिटांत निकाल दिला, "फायनल उडालाय. तो ट्रान्झिस्टर आता मिळत नाही. फेकून द्या."

आता जरा डोकं लावू. सेट ऐकतोय ह्याचा अर्थ अर्धं सर्किट निर्दोष सुटलं. सप्लाय येतोय, स्पीकर चालतोय. चॅनेल बदलतायत म्हणजे पीएलएल बहुतेक ठीक आहे. आणि गंमत म्हणजे ह्या एएम सेटमध्ये स्पीकरला आवाज देणारी ऑडिओ आयसीच बोलताना मॉड्युलेशनचं काम करते, म्हणून तीही सुटली. राहिले मोजकेच संशयित. त्यांना एकेक करून गाठायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक रीडिंग वहीत लिहायचं.

पहिला संशयित, सप्लाय. "पण तो तर ठीक होता ना?" ऐकताना ठीक होता. ऐकायला सेटला काही शे मिलिअँपिअर पुरतात, बोलायला दीड-दोन अँपिअर लागतात. फ्यूज होल्डर सैल असेल किंवा वायर बारीक असेल, तर बटण दाबल्यावर व्होल्टेज कोसळतं. म्हणून मीटर लावून, बटण दाबून बघायचं. आमचा 13.8 व्होल्ट जागचा हलला नाही.

दुसरा, माइक. कुरळी वायर प्लगपाशी तुटते, बटणाचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. कंटिन्युइटी बघितली, ठीक.

तिसरा, अँटेना आणि केबल. कोकणात हा संशयित सगळ्यात बदनाम. पोफळीच्या पावसात पितळी कनेक्टरवर हिरवा गंज चढतो, केबलमध्ये पाणी शिरतं. मग निघालेली पॉवर अँटेनातून बाहेर न पडता परत येते आणि फायनल ट्रान्झिस्टर खरंच उडू शकतो. म्हणून अँटेना काढून जागी डमी लोड लावला. 100 ओहमचे दोन कार्बन रेझिस्टर, 2 वॅटचे, पॅरलल. झाले 50 ओहम. (वायरवाउंड नको, त्यात कॉइल असते.) काहीही न जोडता बटण दाबायचं नाही, हा नियम पाठच करा. लोडवर 4 वॅट मिळाले तर सुमारे 14 व्होल्ट आरएमएस यायला हवेत, म्हणजे डायोड आणि कपॅसिटरच्या साध्या प्रोबवर 19-20 व्होल्ट. आम्हाला आले शून्य.

म्हणजे दोष आत होता. दुकानदाराने ज्याला फाशी दिली तो फायनल आधी तपासला. डायोड रेंजवर दोन्ही जंक्शन व्यवस्थित! मग बटण दाबून त्याच्या कलेक्टरवर व्होल्टेज बघितलं, तर तिथेही शून्य. ज्याला जेवायलाच मिळत नाही तो काम काय करणार? सप्लायचा रस्ता उलटा चालत गेलो तर वाटेत मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर लागला. वजनदार वस्तू. वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी त्याच्या एका पायाच्या सोल्डरला भोवती बारीक गोल चीर गेलेली. भिंगातून दिसली. सोल्डर परत मारलं, बटण दाबलं, प्रोबवर 19 व्होल्ट. खर्च किती, तर बोटभर सोल्डर!

मुद्दा असा की दुकानदाराने अंदाज सांगितला, आणि तो अंदाज मूर्खपणाचा नव्हता. फायनल खरंच पुष्कळ वेळा उडतो. पण अंदाज आणि निदान ह्यात एका रीडिंगचं अंतर असतं. आणि ते रीडिंग घेणं म्हणजेच आपला धंदा आहे की नाही?

आता कुणी तो सेट मागून घेऊन हॉस्टेलच्या गच्चीवर तार बांधू नका, बरं का! आपल्याकडे 2005 च्या नियमाने 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ एवढ्या पट्ट्यात, 5 वॅटपर्यंत आणि अंगभूत अँटेना असलेल्या सेटला परवान्यातून सूट आहे. परदेशी सेटच्या 40 चॅनेलपैकी पहिले 27 च त्यात बसतात, आणि बाहेरची अँटेना लावायचा गाडीचा सेट तर त्या सवलतीत सरळ बसतच नाही. म्हणून आमची सगळी टेस्टिंग डमी लोडवर झाली. हवेत बोलायची हौस असेल तर हॅमची परीक्षा द्या. वयाची 12 वर्षं पूर्ण झाली की देता येते, आपण तर म्हातारे झालो. सीबीच्या शेजारीच 28 मेगाहर्ट्झवर हॅमचा 10 मीटर बँड आहे, आणि तिथे स्वतः बनवलेला सेट वापरणं ही अभिमानाची गोष्ट समजतात.

"मोबाईलच्या जमान्यात हे कशाला?" हा प्रश्न मेसमध्ये मला रोज ऐकायला मिळतो. पोफळीत उभं राहून तो विचारून बघावा. सह्याद्रीच्या पोटात, डोंगर कोरून, 1962 पासून कोयनेची वीज तयार होते. अशी वीज केंद्रं एकमेकांशी बोलायला हाय टेन्शनच्या तारांचाच उपयोग करत आली. सबस्टेशनमध्ये तारांना लटकलेले पिंपासारखे वेव्ह ट्रॅप दिसतात ना, ते त्यासाठी. कारण वीज गेल्यावरच बोलायची सगळ्यात जास्त गरज पडते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने हे शिकवलं. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे हॅम सहकारी अंदमानात होते. पोर्ट ब्लेअरहून त्यांनी रेडिओवरून निरोप पोचवले. आणि 22 जुलै 2021 ला आपलं चिपळूण पाण्यात गेलं तेव्हा वीज गेली आणि हातातले मोबाईल मुके झाले. माळ्यावरचा सीबी चिपळूण वाचवेल असं मी म्हणत नाही. 4 वॅटला डोंगर आडवा आला की संपलं. पण अशा दिवशी बंद पडलेली वस्तू उघडून चालू करू शकणारी चार माणसं गावात असणं, ह्याला किंमत आहे.

दुसरी बाजूही खरी आहे. आजच्या बोर्डांवरचे पार्ट तांदळाच्या कणीएवढे, सर्किट डायग्राम मिळत नाही, आणि नवीन वस्तू दुरुस्तीपेक्षा स्वस्त. सगळंच दुरुस्त होणार नाही, कबूल. पण जुन्या सेटचा फायदाच हा की त्यात सगळं डोळ्यांना दिसतं आणि प्रोब टेकवता येतो. शिकायला ह्याहून चांगलं काय? आपल्या प्रॅक्टिकलमध्ये सर्किट चालूच असतं, उत्तर जर्नलमध्ये आधीच असतं आणि ग्राफ मागच्या बॅचचा असतो! (सरांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.) चार वर्षांत एकदाही कुणी आपल्या हातात बंद वस्तू देऊन "शोध" असं म्हणत नाही.

म्हणून स्टाफला नम्र विनंती. तो ढीग भंगारात देण्याआधी एक महिना आमच्याकडे द्या. संध्याकाळी सहा ते आठ लॅब उघडी ठेवा, एक लॅब असिस्टंट आणि चार मल्टिमीटर पुरेत. दोघा-दोघांना एक वस्तू. दुरुस्त झाली तर उत्तम, नाही झाली तर दोष कुठे आहे हे एका पानावर लिहून द्यायचं, आणि मार्क त्या पानाला. मग ज्या वस्तू खरंच मेल्यात त्या खुशाल ई-कचऱ्यात जाऊ देत, निदान कशाने मेल्या हे तरी कळेल.

आणि हॉस्टेलच्या दोस्तांनो, तुमच्या रूमवरचा बंद स्पीकर, मुका चार्जर आधी उघडून बघा. प्लग मात्र काढून, आणि मोठा कपॅसिटर असेल तर त्याला जरा वेळ देऊन. "गेली ही" म्हणायला इंजिनिअर लागत नाही.