विश्लेषण : मारिओतले ढग आणि झुडपे एकसारखी का? ही गुपिते टिकणार कशी?

'सुपर मारिओ ब्रदर्स'मधले पांढरे ढग आणि जमिनीवरची हिरवी झुडपे यांचा आकार तंतोतंत एक आहे. फरक फक्त रंगाचा. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून तासन्‌तास हा गेम खेळलेल्यांपैकी अनेकांच्या हे कधी लक्षातही आले नाही. १३ सप्टेंबर १९८५ रोजी निन्टेंडोने जपानमध्ये आणलेला हा गेम जेमतेम ४० किलोबाइटचा. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा 'सुप्रभात'चा फोटोही बहुधा त्याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत ३२ टप्पे, चित्रे आणि संगीत बसवायचे, तर काटकसरीला पर्याय नव्हता.

'मायनस वर्ल्ड' म्हणजे काय?

टप्पा १-२ च्या शेवटी, पाइपजवळ, विशिष्ट पद्धतीने उलटी उडी मारली की मारिओ चक्क भिंतीतून आरपार जातो. पलीकडचा पाइप त्याला थेट 'वर्ल्ड -१' मध्ये नेतो. पाण्याखालचा हा टप्पा संपतच नाही. शेवटच्या पाइपात शिरले की पुन्हा सुरुवात, वेळ संपेपर्यंत. मुळात हे 'वजा एक' नाहीच. प्रोग्राम चुकून ३६ क्रमांकाचे जग उघडतो आणि त्याच्या चित्रसंचात ३६ व्या जागी कोरा चौकोन आहे. म्हणून पडद्यावर उरते ती नुसती आडवी रेघ आणि एक. ही चूक कुणी मुद्दाम पेरलेली नव्हती. खेळाडूंनीच ती हुडकून काढली.

मग अडचण कुठे आहे?

१९९३ च्या 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स' या नव्या रूपात चित्रे सुधारली, पण भिंतीतली ती वाटही बुजवली गेली. कंपनीच्या दृष्टीने ही दुरुस्ती. पण नवी आवृत्ती विकली म्हणजे जुनी जपली, असे होत नाही. मूळ मारिओ आज निन्टेंडोच्या वर्गणीतून खेळता येतो खरा, मात्र वर्गणी थांबली की गेमही गेला. बाकीच्यांची स्थिती याहून वाईट. अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत, असे 'व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन'च्या २०२३ मधील पाहणीत आढळले. ग्रंथालयांनी असे गेम जपून अभ्यासकांना दुरून वापरू द्यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. लोक अभ्यासाऐवजी करमणूक करतील, ही त्यामागची एक भीती. जो माल दुकानात मिळतच नाही, त्याची विक्री बुडेल कशी, याचे पटणारे उत्तर त्या निर्णयात नाही.