गोतावळा कुणाचा?

ग्रामीण कादंबरीचं एक ठरलेलं गणित आहे. परका माणूस गावात येतो. आठ दिवसांत त्याला आजा मिळतो, मावशी मिळते, कुणाच्या तरी चुलीपुढं पाट मिळतो. मग समीक्षक डोळे पुसतात आणि मास्तर वर्गात सांगतात, बघा मुलांनो, गाव म्हणजे एक कुटुंब!

मित्रांनो, हे कुटुंब आपण गावकुसाबाहेरून बघितलंय. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याची लक्तरं काढली, ती उगाच नव्हे.

'बनगरवाडी' घ्या, १९५५ ची. व्यंकटेश माडगूळकरांनी धनगरांचं जगणं इमानानं लिहिलं. त्याबद्दल आपलं भांडण नाही. औंध संस्थानातल्या वाडीवर कोवळा मास्तर येतो. म्हातारा कारभारी बापासारखा पाठीशी राहतो. आनंदा रामोशी जीव लावतो. परकी माणसं घरची होतात. झकास. आता त्या मास्तराच्या जागी आपल्या वाड्यातलं पोरगं ठेवा. तोच नेमणुकीचा कागद, तीच वळकटी. पाणी कुठं पिणार? कुणाच्या ओसरीला टेकणार? पहिलं प्रकरण पुरं व्हायच्या आत कादंबरी खलास! आणि त्या मास्तराचं तरी काय झालं? अंजीवरून नुसता संशय आला आणि कारभाऱ्यानं तोंड फिरवलं. बाप होणं असं स्वस्त असतं, बाप राहणं महाग.

आनंद यादवांचा 'गोतावळा' १९७१ चा. नारबा गडी. पोरका. त्याला गोत मिळालं ते गोठ्यात, जनावरांत. मालकानं ट्रॅक्टर आणला आणि गोतावळा मोडला. यादवांनी लिहिलं ते खरंच आहे. पण ते वाचून "अहाहा, मातीची माया" म्हणणाऱ्यांना विचारा, राबणाऱ्या माणसाला अख्ख्या गावात बैलाशिवाय सोयरा का मिळू नये?

आता आपलं बघू. गावात कुणी मेलं की रातोरात सांगावा घेऊन कोण पळायचं? महार. पावसापाण्यात, गावोगाव, पाटलाच्या पावण्यांपर्यंत. अख्ख्या गावाचा गोतावळा ज्याच्या पायांवर उभा, तो कुणाचाच कुणी नव्हता. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला वाड्यावरचं शेंबडं पोर 'ए धोंड्या' म्हणायचं, आणि म्हातारा वाकून 'जोहार मायबाप'. नात्याचा शब्द खालून वर जायचा. वरून खाली कधी आला नाही. वतनं कायद्यानं गेली, १९५८ च्या. वतनातलं मन गेलं का? २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. मारणारे कुणी लांबचे, परके नव्हते. गावचेच होते. तेच ते 'कुटुंब'!

म्हणून 'मानलेला भाऊ' आणि 'लेकीसारखी' हे शब्द दिसले की आपण तीन सवाल टाकायचे. पाणी एका घागरीतलं आहे का? ताट एका पंगतीत आहे का? लेक एकमेकांच्या घरात जाते का? १९३६ ला लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं परिषद रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी आपलं भाषण स्वतःच्या पैशानं छापलं. त्यात त्यांनी स्वच्छ सांगितलंय, रक्त एक झाल्याशिवाय माणसाला माणूस आपला वाटत नाही. सहभोजनाचे लाडू खाऊन जात मेली नाही.

परकी माणसं एक कशी होतात ते बघायचं तर अण्णाभाऊंची 'फकिरा' वाचा. १९५९ ची, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. तिथं विष्णुपंत कुलकर्णी भुकेल्या मांगवाड्याची बाजू घेतो, किंमत मोजायची तयारी ठेवून. फकिरा स्वतःला सरकारच्या हवाली करतो, तो धरून ठेवलेली आपली माणसं सुटावीत म्हणून. तिथं नात्याला भाकरीची आणि गर्दनीची किंमत आहे. नुसता गहिवर नाही.

आणि आता आपल्या अंगणात या. व्यासपीठावर आपण 'बंधूंनो' म्हणतो. महारवाड्यातून मांगवाड्यात किती वराती गेल्या? चांभारवाड्यातून किती आल्या? मोर्चात खांद्याला खांदा लागतो, आणि सोयरिकीची बोलणी निघाली की पोटजात विचारायची? सवर्णाच्या कादंबरीला आपण तीन सवाल टाकले. तेच तीन सवाल आपल्या घरात टाकायची हिंमत आहे का? नसेल तर ग्रामीण कादंबरीला शिव्या द्यायचा आपला हक्क निम्मा गेला.

लिहिणाऱ्या पोरांनो, गावावर कादंबरी लिहा, जरूर लिहा. पण त्यात कुणी कुणाला 'मामा' म्हणाला, तर त्या मामाच्या घरात भाच्यानं कुठल्या भांड्यातनं पाणी प्यालं, ते पहिल्यांदा लिहा.

जयभीम.