तलावाचा तळ

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, आणि यातले बरेच तलाव कोहळी समाजाने धानासाठी बांधलेले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तलाव सरकारकडे गेले आणि लोकांच्या तोंडी 'मामा' (माजी मालगुजारी) तलाव हे नाव उरले. पाणी सिंचनाचे, मासे सहकारी संस्थांचे, गाळ कुणाचाच नाही. एका तलावाचे असे तुकडे झाले.

मासेमारीत एक समज पक्का बसला: उत्पन्न घटले की मत्स्यबीज वाढवा. रोहू, कटला, मृगळ सोडत राहायचे! स्थानिक मासे का आटले, हा प्रश्न मागेच पडला.

अखंड भंडारा जिल्ह्यात सुरू झालेल्या 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा'ने ढिवर मच्छीमारांसोबत तो प्रश्न धरला. जाणकार म्हाताऱ्यांना उत्तर ठाऊक होते, त्यांना कुणी विचारले नव्हते. मासा वनस्पतींवर पोसतो, त्यांच्यातच लपतो आणि अंडी घालतो. बेशरमाच्या झुडपांनी तलाव व्यापला की त्या वनस्पती जातात. म्हणून अर्जुनी मोरगाव परिसरात (1999 पासून हा भाग गोंदिया जिल्ह्यात) आधी बेशरम उपटली, तळ नांगरला, मग देशी पाणवनस्पती लावल्या. या कामात ढिवर स्त्रिया पुढे होत्या. मासेमारी संस्थेचा कारभार पुरुषांचाच, ही समजूतही त्यामुळे हलली.

तळ, वनस्पती, मासे आणि माणसे यांचा असा एकत्र विचार करण्याला व्यवस्थापनाच्या वर्गात प्रणाली-विचार म्हणतात. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत मात्र अजूनही सोडलेल्या बीजाचा आकडा आधी वाचला जातो. तळाच्या अवस्थेला विषयपत्रिकेत जागा द्यायला फारसा खर्च येणार नाही.