शॉर्ट शिफ्टर घेताय? जरा थांबा!

गिअर ‘खट्’कन पडला की भारी वाटतं, मान्य. पण शॉर्ट शिफ्टर मागवण्याआधी एवढं ऐका. नुसती आखूड दांडी स्वस्त पडते, पण नॉब खाली जातो. टेकू वर सरकवणाऱ्या शिफ्टरमध्ये नॉब जागेवर राहतो आणि हाताचा प्रवास कमी होतो. जोर मात्र दोन्हींत जास्त लागतो. शाळेतलीच तरफ आहे ही राव! घ्यायचाच तर माझं मत दुसऱ्याला.

माझ्या अमेरिकेतल्या दादाकडे पहिल्या पिढीची, म्हणजे १९८९ मध्ये आलेली ती माझदा मियाटा आहे. गिअर टाकताना अडकायचा, म्हणून तो शिफ्टर मागवणारच होता. उघडून बघतो तर दांडीखालचं रबरी बूट फाटलेलं, बुश झिजलेला आणि तिथलं तेल गायब! (या गाडीत ते गिअरबॉक्सच्या तेलापेक्षा वेगळं भरावं लागतं.) किरकोळ पार्ट्समध्ये काम झालं.

आणि दुसरा गिअर टाकताना खरखर होत असेल, तर बहुतेक सिंक्रो झिजलाय. तो शॉर्ट शिफ्टरने बरा होत नाही. दामटून टाकलात तर उलट आणखी झिजतो. दादाने वाचलेल्या पैशांत टायर घेतले.